बसलेला अकिलीस 'चपळ पायांचा' कसा?

होमरच्या 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात ग्रीक वीर अकिलीस रागावून जहाजांपाशी बसून राहतो आणि तिथंच कवी त्याला 'चपळ पायांचा' म्हणतो. हा निष्काळजीपणा नाही का?

नाही, ही छंदाची सोय आहे. ओळीत सहा गण. प्रत्येक गण गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला 'भ' गण, नाहीतर दोन गुरु. शेवटचा मात्र दोनच अक्षरांचा. गाता गाता ओळ जुळवायची तर मापात बसणारी विशेषणं जिभेवर तयार हवीत. जागा जास्त उरली की 'चपळ पायांचा दिव्य अकिलीस', कमी उरली की नुसता 'दिव्य अकिलीस'. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं 1928 साली पॅरिसच्या प्रबंधात हे पद्धतशीर मांडलं. मग तो थेट युगोस्लाव्हियात गेला आणि तिथल्या गायकांची गाणी टिपून घेतली. त्यातल्या अव्दो मेजेदोविचला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण 1935 साली त्यानं 12 हजारांहून अधिक ओळींचं एक काव्य सांगितलं. होमरचं दुसरं महाकाव्य 'ओडिसी' साधारण तेवढंच आहे. इतकं लांब काव्य लेखणीशिवाय रचता येत नाही, ही शंका तिथं फिटली.

म्हणजे होमर झालाच नाही?

त्या माणसाबद्दल भरवशाचं काही हाती नाही. काव्यं बहुधा इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात आकाराला आली. भाषा मुख्यतः आयोनियन ही ग्रीक बोली, मध्येच एओलियन या दुसऱ्या बोलीची रूपं. अशी मिसळ घरात कुणी बोलत नसे, ती पिढ्यान्‌पिढ्या गाण्यात साचली. तरी 'इलियड'ची बांधणी मला एकाच कसबी माणसाची वाटते. डुलक्या आहेतच म्हणा! पाचव्या सर्गात ठार झालेला पायलेमेनीस हा योद्धा तेराव्यात मुलाच्या प्रेतामागे रडत चालतो.

ट्रॉयचा प्रसिद्ध लाकडी घोडा 'इलियड'मध्ये सापडला नाही. माझ्या प्रतीत पानं कमी आहेत का?

प्रत ठीक आहे. 'इलियड' ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपतं. घोडा 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात, डेमोडोकस या गायकाच्या गाण्यात भेटेल.

एकच सर्ग वाचायचा तर?

चोविसावा. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, शत्रूच्या म्हणजे अकिलीसच्या तंबूत शिरतो आणि आपल्या मुलांना मारणारे हात चुंबतो. अकिलीसला स्वतःचा बाप आठवतो. दोघं रडतात, पण आपापल्या माणसांसाठी. मग अकिलीस त्याला जेवायचा आग्रह करतो: पुराणकथेतल्या नायोबीची बारा मुलं गेली, तिलाही अखेर जेवायची आठवण झालीच. समेट वगैरे काही होत नाही; बाराव्या दिवशी लढाई पुन्हा सुरू होणार, हे दोघांनी तिथंच ठरवलेलं असतं.