बेसा मनपात गेलं तर बरं होईल का?

प्रश्न: भाऊ, आम्ही नागपूरला लागून असलेल्या बेसाला राहतो. रस्त्याच्या अलीकडे मनपा, पलीकडे आमची नगरपंचायत, त्यामुळे त्यांची कचऱ्याची गाडी अर्ध्यातूनच यू-टर्न मारते. सगळं मनपातच घातलं तर खर्च नाही का वाचणार?

उत्तर: ताई, थोडा वाचेल. एकच टेंडर, एकच टॅक्स विभाग, मुख्याधिकारी वेगळा नको. पण जिल्हा परिषदेचा भार कमी होईल असं जे म्हणतात ना, ते काही खरं नाही, नगरपंचायत झाली तेव्हाच तुम्ही जिल्हा परिषदेतून बाहेर पडले. तुमच्या शेजारचं हुडकेश्वर-नरसाळा 2013 मध्ये मनपात गेलं, तिकडे कोणी ओळखीचं असेल तर टॅक्सची पावती मागून तुमच्या पावतीशेजारी ठेवून बघा.

पुण्याचं तर ऐकाच. 2017 मध्ये 11 गावं घेतली, 2021 मध्ये आणखी 23, मग टॅक्सवरून फुरसुंगी-उरुळी देवाचीत इतकी ओरड झाली की 2024 मध्ये त्यांना बाहेर काढून वेगळी नगरपरिषदच करून द्यावी लागली, म्हणजे सगळी उठाठेव उलटी!

आणखी एक, नगरपंचायतीत 17 नगरसेवक असतात, तुमचावाला चहाच्या टपरीवरही सापडतो. मनपात प्रभाग केवढा मोठा, तिथं बेसाचा आवाज किती पोचेल बाप्पा? मला तरी हा तोटा टॅक्सपेक्षा मोठा वाटतो.

आणि हद्द वाढवायची तर सरकार आधी हरकती मागवतं. व्हॉट्सअॅपवर भांडू नका, मुदतीत लेखी द्या अन् पोच घ्या.