दोनब्रदर्स अर्ध्यावर सोडू का? माझं उत्तर

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण पहिल्यांदा बघताना मीही याच वळणावर वैतागलो होतो. 'अवातारो सेन्ताई दोनब्रदर्स' या जपानी सुपरहिरो मालिकेचे पंधरा भाग झाले, मुख्य खलनायकाचा पत्ता नाही, टीम अजून धड एकमेकांना ओळखत नाही, मग पुढे बघायचं की सोडायचं, असं तुम्ही विचारलंय. मी सध्या दुसऱ्यांदा बघतोय आणि ५० पैकी २५व्या भागावर आहे. उत्तर तिथपर्यंतचंच, पुढचं काही फोडणार नाही.

सोडू नका. पण बघायची पद्धत थोडी बदला.

तुम्ही (आणि आपल्यातले बहुतेक) पॉवर रेंजर्सवरून इथे आलात. तिथला साचा डोक्यात पक्का बसलेला असतो: राक्षस येतो, पाच जण एकत्र येतात, पोझ देतात, राक्षस मोठा होतो, रोबो येतो, संपलं. पॉवर रेंजर्स ज्यावरून बनली ती 'सुपर सेन्ताई' ही रंगीत पोशाखातल्या योद्ध्यांच्या टीमची जपानी परंपरा, १९७५ सालच्या गोरेंजरपासून सुरू झालेली. २०२२ मध्ये ती ४६व्या मालिकेवर आली, ती म्हणजे ही. लेखक तोशिकी इनोऊए. १९९१ च्या 'जेटमॅन'मध्ये टीमच्या आतच प्रेमाचा त्रिकोण घुसवणारा हाच माणूस. त्याला राक्षसात फारसा रस नाही, माणसांच्या भानगडींत आहे. म्हणून इथे रोबोची लढाई बऱ्याचदा दोन मिनिटांत उरकलेली दिसेल. रोबोसाठी बघत असाल तर मात्र खरंच दुसरी मालिका लावा.

पाया मोमोतारोच्या लोककथेचा आहे. पीचमधून जन्मलेला मुलगा वरीसारख्या भरडधान्याचे लाडू देऊन कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना सोबत घेतो आणि ओनी म्हणजे राक्षसांच्या बेटावर चाल करून जातो. आता गंमत बघा, इथे ओनी टीममध्येच आहे आणि ती शाळकरी मुलगी आहे! नाव दोनब्रदर्स, निघतात पाच, आणि त्यातली एक सिस्टर. मराठी माणसाने यावर किती वेळा हसायचं याला मर्यादा आहे, मी ती केव्हाच ओलांडली.

ही हारुका (शिदा कोहाकु) म्हणजे माझ्या मते मालिकेचा खरा कणा. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा काढून बक्षीस मिळवलेली पोरगी, दुसऱ्याचं काम चोरल्याचा आळ येतो आणि एका रात्रीत सगळं जातं. तिचे वेडेवाकडे चेहरे नुसते विनोदासाठी आहेत असं वाटतं, पण अपमान गिळून रोज शाळेत जाणारी मुलगी त्यामागे दिसत राहते.

बाकीचे एकेक नग आहेत. सारुहारा पैशाला हात लावत नाही, हायकू करतो आणि आजूबाजूचे लोक त्याच्याकडे सल्ला मागायला येतात. किजिनो हा बायकोवेडा नोकरदार, सेन्ताईच्या कायम टीममधला पहिला पुरुष गुलाबी योद्धा. इनुझुका फरार आहे आणि हरवलेल्या प्रेयसीला शोधतोय. तोच टीममधला कुत्रा-योद्धा 'इनु ब्रदर' आहे हे बाकीच्यांना ठाऊकच नाही. योद्ध्याच्या रूपात किजि (किजिनो, फेझंट) २२० सेंटीमीटर उंच आणि इनु १०० सेंटीमीटर बुटका, म्हणून ते दोघे संगणकावर बनवलेत. भर उन्हातल्या दृश्यांत ते अजूनही चिकटवल्यासारखे दिसतात, हे तुमचं म्हणणं मान्य.

आता मुख्य मुद्दा. टीमचा म्होरक्या, म्हणजे इथला मोमोतारो, तारो हा कुरिअरवाला आहे. पार्सल हातात देतो आणि समोरच्याला सांगतो की आता आपल्यात 'एन' जुळला. सबटायटलमध्ये याचं 'कनेक्शन' वगैरे करतात, तिथेच घोळ होतो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: ऋणानुबंध. पालखीत बसून, खदाखदा हसत एंट्री घेताना तो जे बोलतो त्याची सुरुवात एका जुन्या जपानी म्हणीने होते. रस्त्यात बाहीला बाही घासली तरी तो गेल्या जन्मांचा ऋणानुबंध, अशा अर्थाची. हे धरून बघा, मग विस्कळीत वाटणारे भाग आपोआप जुळायला लागतात. इनुझुका प्रत्येक वेळी टीमच्या दोन पावलं बाजूने निघून जातो, तो लेखकाचा आळस नाही. बाही घासतेय, ओळख पटत नाहीये, एवढंच.

ओदेनच्या दुकानातलं दृश्य परत लावून बघा. मटनाच्या रश्श्यासारखा जळजळीत प्रकार नव्हे हा, मुळा, अंडं, माशाचे वडे असलेला साधा सौम्य रस्सा. तारो आणि सोनोई शेजारीशेजारी बसून खातात, त्यांची गट्टी जमते. सोनोई हा शत्रूपक्षाचा, आणि समोरचा कोण हे दोघांनाही माहीत नाही. त्यात तारोला खोटं बोलता येत नाही, बोलायला गेला तर चक्क मरून पडतो. सुरुवातीला मी हे नुसतं विनोदाचं खातं समजत होतो. पण मित्र एके दिवशी शत्रू म्हणून समोर उभा राहणार असेल, तर खोटं न बोलता येणं ही केवढी जीवघेणी गोष्ट आहे! तुम्ही पंधराव्यावर थांबलात म्हणजे नेमकं याच्या तोंडाशी थांबलात.

तक्रारी मलाही आहेत. विसाव्या भागाच्या आसपास जिरो येतो, तू नायक होणार असं लहानपणापासून ऐकत खेड्यात वाढलेला पोरगा. त्याच्या दोन व्यक्तिमत्त्वांची खेचाखेच मला अजून पटलेली नाही, आणि त्याच्यामुळे सारुहाराला काही भाग नुसतं उभं राहावं लागतं. शिवाय किजिनोच्या बायकोचं गूढ फार ताणलंय.

एक करा, सलग पाच-पाच भाग बघू नका. जपानमध्ये हे दर रविवारी सकाळी साडेनऊला एक असं लागायचं. रोज एकच बघा, चहाबरोबर. आणि विसावा झाला की सोनोईबद्दल काय वाटतंय ते इथे लिहा, मला त्यावर भांडायचंय.