१९३९ चा रुपया: टंच बरोबर आलं म्हणून तारीख खरी होत नाही

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया ऑनलाइन दिसलाय, विक्रेता म्हणतो वजन ११.६६ ग्रॅम भरतं, चांदीचं टंच (म्हणजे शुद्धता) काढल्याचं सर्टिफिकेट सोबत देतो, मग शंका कसली? शंका नेमकी त्या सर्टिफिकेटचीच आहे. तसलंच एक माझ्याही कपाटात पडून आहे.

वजन, लोहचुंबक, विक्रेत्याचे जुने रिव्ह्यू हे तुम्ही बघितलं असणारच, त्यात शिरत नाही.

या नाण्यात खोटी चांदी हा मुख्य धोका नाही. १९३८ आणि १९३९ चे रुपये दोन्ही मुंबई टांकसाळीचे, वजन एकच, चांदी एकच (९१.७ टक्के), राजाचा मुखवटाही तोच. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली. ३८ चा रुपया सहज मिळतो, ३९ चा दुर्मिळ, आणि भावात कित्येक पटींचा फरक. मग लबाड माणूस साचा कशाला करत बसेल? तो अस्सल ३८ चा रुपया घेतो आणि शेवटच्या आठाचा नऊ कोरतो. असं नाणं काट्यावर पास, टंचात पास. धाग्याला बांधून पाण्यात बुडवून घनता काढलीत तरी १०.३ च्या आसपास, म्हणजे पास. नाणं सरकारी, चांदी सरकारी, खोटा आहे तो फक्त एक आकडा.

माझ्या बाबतीत हेच झालं. एका जुन्या संग्राहकाने भिंगाखाली धरून शेवटचा आकडा दाखवला, तेव्हा मी ज्या वेबसाइटवरून नाणं घेतलं तिच्या तक्रार विभागाला कळवलं. उत्तर आलं, 'अधिकृत लॅबचा रिपोर्ट जोडा.' कोणती लॅब, कसला रिपोर्ट, काही नाही. विचारलं तर तोच मजकूर पुन्हा. शेवटी टंच केंद्रात जाऊन मशीनवर तपासून घेतलं. तिथल्या माणसाने आधीच सांगितलं होतं, 'साहेब, आम्ही चांदी सांगतो, साल नाही.' मी रिपोर्ट जोडला, सोबत तारखेचे मोठे करून काढलेले फोटो आणि समजावून लिहिलेलं पानभर पत्र. तक्रार विभागाने फोटो उघडलेसुद्धा नसावेत. निकाल असा: 'आपणच दिलेल्या अहवालानुसार वस्तू अस्सल आढळली. तक्रार बंद.' म्हणजे मी दिलेला कागद माझ्याच विरुद्ध वापरला! फेरविचाराचा अर्ज केला, तर परतीची मुदत संपली म्हणे. ती संपली ह्यांच्याच कागदांच्या मागणीत. पैसे गेले त्यापेक्षा 'अस्सल' हा शब्द जास्त झोंबला. असो.

आता तुमचं नाणं. १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो, हीच आपली सोय. दुसरा आणि चौथा आकडा शेजारी ठेवल्यासारखे बघा, जुळ्या भावंडांसारखे दिसायला हवेत. कोरलेल्या नऊमध्ये आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू खरवडलेली असते, त्यामुळे शेपूट एक तर जास्त गोल राहते किंवा मध्येच बारीक होते. त्या जागी दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बारीक समांतर ओरखडे दिसतात, आणि आकड्याभोवतीचा पत्रा किंचित खोलगट. बाकी नाण्याला जुनी काळपट झाक आणि तारखेपाशीच उजळ ठिपका असेल, किंवा उलट तारखेपाशीच काळं थापलेलं असेल, तर मी तरी सोडून देईन. पूर्ण पॉलिश केलेल्या नाण्याला तर हातही लावू नका. पॉलिशने ओरखडे झाकतात.

फोटो मागताना 'क्लिअर फोटो पाठवा' म्हणू नका. प्लास्टिकमधून बाहेर काढून, एका बाजूने तिरका उजेड टाकून, फक्त तारखेचा मागा. आणि कडेचा. ३९ च्या कडेला साधे दाते असतात. दात्यांच्या मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी असेल तर ती १९४० पासूनची सुरक्षा कड, पुढे बोलणंच नको. ओतीव नकलाही फिरतात, त्यांची अक्षरं बोथट आणि पृष्ठभागावर पुटकुळ्या असतात, पण त्या काट्यावरच बहुतेकदा पकडल्या जातात.

नाणं एनजीसी किंवा पीसीजीएसच्या (नाणी तपासून प्लास्टिकच्या डबीत सील करून देणाऱ्या कंपन्या) डबीत बंद असेल तर डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाका, आणि तिथे फोटो असेल तर नाण्यावरचे डाग, ओरखडे ताडून बघा. नुसता नंबर जुळला म्हणून भुलू नका, डब्यांच्याही नकला येतात.

मी नाणेतज्ज्ञ नाही, वकील तर नाहीच. तरी इतकं ठाऊक आहे की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यायचं आहे. माझं 'निवारण' मुदतीतच झालं, कागदोपत्री. वेळ आलीच तर तक्रारीत 'नकली' शब्द वापरू नका, 'वर्णनाप्रमाणे नाही, तारीख फेरफार केलेली' असं लिहा, टंचाचा कागद अजिबात जोडू नका, आणि लगेच १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनलाही नोंद करा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा.

जाता जाता: हाच विक्रेता राम दरबार छापलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं 'नाणं'ही विकत असेल तर त्याच्या बाकी मालाचा विचारही नको. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलंच नाही.

तारखेचा फोटो आला की टाका, बघतो. फोटोवरून खोटं असल्याचं सांगता येतं कधी कधी. खरं असल्याची खात्री मी तरी देणार नाही.