शून्य गुणांचं उत्तर

"मॅडम, मुलांना प्रश्न विचारू दिले आणि त्यांचा विश्वासच उडाला तर?"

ख्रिस्ती शाळांमधले शिक्षक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा ही धास्ती कुठल्या ना कुठल्या रूपात निघतेच. या बाईंनी तर खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

शाळेचा विश्वासाधिष्ठित अभ्यासक्रम तयार करायची जबाबदारी त्यांच्यावर होती. दोन वर्षं खपून त्यांनी प्रत्येक धड्याला बायबलचं एकेक वचन जोडलं होतं. अपूर्णांकांनासुद्धा! वर्षअखेरीस त्यावर लेखी परीक्षा. 'देव प्रार्थना ऐकतो हे उदाहरणासह स्पष्ट करा' या प्रश्नाखाली आठवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, 'मी प्रार्थना केली होती. आजोबा गेले. आता उदाहरण कुठलं देऊ?'

"मी शून्य दिलं," बाई म्हणाल्या. "नमुना उत्तराशी जुळत नव्हतं. पण तेव्हापासून झोप लागत नाही."

"वाचल्यावर आधी काय वाटलं?"

"भीती." मग बऱ्याच वेळाने, "आई गेली तेव्हा मलाही हेच विचारायचं होतं. विचारलं नाही."

त्या दिवशी अभ्यासक्रम बाजूलाच राहिला. आम्ही आईबद्दल बोललो.

पुढच्या भेटीत त्यांनी आराखडा आणला. बायबलमधली स्तोत्रं निवडली होती ती 23, 100, 121. सगळी धीराची आणि स्तुतीची. मी 13वं काढून दिलं. 'किती वेळ?' हा प्रश्न तिथे सुरुवातीलाच चारदा येतो. 88वं तर अंधारातच संपतं. दुःखात देवाला जाब विचारणारा ईयोब, येशू पुन्हा उठला यावर शंका घेणारा थोमा, 'माझा अविश्वास घालवा' म्हणून येशूलाच विनवणारा आजारी मुलाचा बाप, यांतलं कुणीच आराखड्यात नव्हतं. बाई पानं उलटत राहिल्या. "हे सगळं मला पाठ आहे हो," त्या म्हणाल्या, "पण मुलांसाठी घ्यायचं सुचलंच नाही."

वयाचाही मुद्दा होता. श्रद्धेच्या टप्प्यांवर काम केलेले जेम्स फाउलर सांगतात की प्राथमिक वयातली मुलं गोष्टी शब्दशः घेतात. किशोरवयात श्रद्धेला आपल्या माणसांच्या नात्यांतून आकार येऊ लागतो. चौथीतल्या मुलाला चालणारं उत्तर आठवीतल्याला अपुरं पडणारच. त्याने ते बोलून दाखवलं, हे मला तरी चांगलं लक्षण वाटतं. बायबलमध्ये काय लिहिलंय याची परीक्षा खुशाल घ्यावी. विश्वासाला गुण दिले, की मुलं गुणांपुरतं बोलायला शिकतात.

अपूर्णांकांवरून मला जॉर्ज लमेत्र आठवले. विश्वाच्या आरंभाची 'आदिम अणू'ची कल्पना 1931 मध्ये मांडणारे हे शास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक धर्मगुरू. तरी आपला सिद्धांत हा बायबलमधल्या उत्पत्तीच्या शिकवणीचा पुरावा मानायला त्यांनी नकार दिला. "मग गणितातली वचनं काढू?" बाईंनी विचारलं. ते त्यांनी ठरवायचं होतं. बरीच काढली, असं नंतर कळलं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितलं, मुलाला बोलावून घेतलं होतं. आजोबांविषयी विचारलं. तो बराच वेळ बोलला आणि शेवटी म्हणाला, "टीचर, तुम्हाला उत्तर माहीत आहे?"

"काय म्हणालात?"

"म्हटलं, नाही. मीही विचारतेय."

शून्य त्यांनी खोडलं होतं. त्या जागी दुसरा आकडा मात्र घातला नव्हता.