यूकेत आजारी असताना ड्युटी करावी लागते का? नर्सिंगसाठी येणाऱ्या मुलीला सविस्तर उत्तर

तू लिहिलंस की आयसीयूत अंगात ताप असतानाही ड्युटी करावी लागते, सुट्टी मागितली की रिलीव्हर नाही म्हणतात आणि न सांगता राहिलं तर पगार कापतात. यूकेत आल्यावर हे सुटेल का, आणि तिथल्या नर्सही पार थकून जातात हे खरं का, असं तुझं विचारणं आहे. मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, मेडिकल वॉर्डात काम करते. जे रोज बघते ते सांगते.

आपोआप काहीच सुटत नाही. एनएचएस इंग्लंडमधल्या कर्मचाऱ्यांचा दरवर्षी सर्व्हे घेतं. गेल्या तीन महिन्यांत तब्येत बरी नसताना कामावर आलात का, असा त्यात एक प्रश्न असतो, आणि निम्म्याहून जास्त लोक 'हो' म्हणतात. पण इथे आजारपणात घरी राहायचा हक्क कागदावर आहे आणि मागितला तर मिळतो. आपल्याकडच्या मुली तो मागतच नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत त्या ज्या खचतात त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

सगळ्यात मोठी भीती व्हिसाची. सिक लीव्ह घेतली तर स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा देववणारं हॉस्पिटल, होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला) कळवेल, असं कोणीतरी कोणाला सांगतं आणि ते पसरत जातं. कळवावं लागतं ते परवानगीशिवाय सलग १० कामाच्या दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं तर. रीतसर कळवून घेतलेली आजारपणाची रजा त्यात येत नाही. वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी रजा झाली तर स्पॉन्सरशिप अडचणीत येते हे खरं, पण त्यातूनही आजारपण वगळलेलं आहे. पिनचं, म्हणजे नर्स म्हणून मिळणाऱ्या नोंदणी क्रमांकाचं म्हणशील, तर तापासाठी रजा घेतल्याने पिनला धक्का लागत नाही. उलट एनएमसीच्या (नर्सची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलच्या) आचारसंहितेतच लिहिलंय की कामासाठी लागेल तेवढी तब्येत सांभाळणं ही नर्सची जबाबदारी आहे.

ते का लिहिलंय हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे नुकतीच पिन मिळालेली एक मुलगी छातीत कफ भरलेला असताना लाँग डेला आली, म्हणजे सकाळी साडेसात ते रात्री आठ. दुपारी तिने इन्सुलिन भरलं आणि सेकंड चेकसाठी मला बोलावलं. चार्ट बरोबर, डोस बरोबर. बेडपाशी जाऊन मनगटावरचा बँड वाचला तर पेशंट दुसराच, शेजारच्या बेडचा. सिरिंज शार्प्स बिनमध्ये गेली, कोणाला काही झालं नाही. तिचं टेंपरेचर घेतलं तर ३८.६ सेल्सिअस. इनचार्जने तिला तिथूनच घरी पाठवलं. ती मुलगी कामात अतिशय चोख आहे. पण तापलेल्या डोक्याने बारा तास चोख राहता येत नाही, कोणालाच नाही. उलट्या-जुलाब असतील तर प्रश्नच नाही: शेवटच्या लक्षणानंतर ४८ तास वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. हिवाळ्यात नोरोव्हायरसने अख्खी बे, म्हणजे वॉर्डातली चार-सहा बेडची खोली, बंद करावी लागते.

आता फोन कसा करायचा. मेसेज नको, फोनच. शिफ्ट सुरू व्हायच्या किती आधी करायचा ते ट्रस्टच्या, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या एनएचएस संस्थेच्या, पॉलिसीत दिलेलं असतं. पहाटे फोन नाईटची इनचार्ज उचलेल. काय होतंय, किती दिवस लागतील असं वाटतं, परत कधी कळवशील, एवढं सांग. पलीकडून 'बरं' एवढंच येईल. माफी मागत बसू नकोस, आणि 'दुपारपर्यंत बघते' हे तर मुळीच म्हणू नकोस, कारण मग तुझ्या जागी ते बँकची (जादा शिफ्टसाठी यादीवर असलेली) नर्स बोलावत नाहीत आणि वॉर्ड लटकतो. पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरचा कागद लागत नाही, तू स्वतःच फॉर्म भरतेस. त्यापुढे फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखला लागतो, म्हणून आल्याबरोबर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदव.

बऱ्याच ठिकाणी रजांचा हिशेब ब्रॅडफर्ड स्कोअरने ठेवतात. वर्षात किती वेळा आजारी पडलीस त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग सात दिवस घरी राहिलीस तर स्कोअर ७. तीन दिवसांत धडपडत परत आलीस, पुन्हा पडलीस आणि आणखी चार दिवस गेले, तर दिवस तेवढेच पण स्कोअर २८. म्हणजे घाईने परतण्यात हिशेबानेही तोटाच आहे. परतल्यावर मॅनेजर रिटर्न टू वर्कची मीटिंग घेते. ती विचारपूस असते, शिक्षा नव्हे. तेव्हाच हलकी ड्युटी किंवा काही दिवस नाईट नको असेल तर सांगायचं.

पगाराचं नीट वाच, कारण इथेच मुली फसतात. एनएचएसमध्ये पहिल्या वर्षी एक महिना पूर्ण आणि दोन महिने अर्धा पगार मिळतो, दुसऱ्या वर्षी दोन आणि दोन, आणि पाच वर्षं पूर्ण झाली की सहा आणि सहा. नाईट-वीकेंडचे जादा पैसे त्यात धरत नाहीत. खासगी नर्सिंग होममध्ये मात्र पुष्कळदा फक्त सरकारी नियमाची सिक पे (आजारपणातला पगार) असते, आठवड्याला सव्वाशे पौंडांहूनही कमी. त्यात घरभाडंही निघत नाही, मग बाई आजारी असली तरी कामावर जातेच. ऑफर दोन्हीकडून असेल आणि नर्सिंग होमचा तासाचा दर थोडा जास्त असेल, तरी मी एनएचएसच घे म्हणेन.

थकव्याचं दुसरं मूळ बँक शिफ्ट. कर्ज काढून आलेली मुलगी ऑफच्या दिवशी शिफ्ट घेते, मग सवय लागते. जॉइनिंगच्या कागदांत ४८ तासांचा ऑप्ट-आउट फॉर्म असतो. आठवड्याला सरासरी ४८ तासांहून जास्त काम करायला तयार आहे असं त्यावर लिहिलेलं असतं. त्यावर सही करणं सक्तीचं नाही, आणि केली असली तरी नोटीस देऊन मागे घेता येते. सिक लीव्हवर असताना दुसरीकडे बँक शिफ्ट मात्र चुकूनही करू नकोस, तो फ्रॉड धरला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट ही कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवली, आणि तिची तीन लक्षणं दिली: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याने काम धड होत नाही असं वाटणं. वॉर्डात मी यातल्या दुसऱ्या लक्षणावर लक्ष ठेवते. पेशंटने बेल वाजवली की मदतीआधी राग येऊ लागला, नातेवाइकाच्या साध्या प्रश्नाला तोडून उत्तर जाऊ लागलं, की वेळ झाली समज. तेव्हा ऑक्युपेशनल हेल्थकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांची तब्येत बघणाऱ्या विभागाकडे, जायचं. अनेक ट्रस्टमध्ये मॅनेजरला न विचारता स्वतः जाता येतं. आरसीएन किंवा युनिसन यांपैकी एका कर्मचारी संघटनेचं सभासदत्व पहिल्या महिन्यातच घे, भांडण उभं राहिल्यावर नाही. वार्षिक रजाही साठवू नकोस: २७ दिवस आणि वर बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) असतात, त्या वर्षभर पसरून घे.

सही करण्याआधी एवढं कर. एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांब, इथल्या आचारसंहितेप्रमाणे उमेदवाराकडून फी घ्यायची नसते. ऑफर लेटरमध्ये सिक पेचा परिच्छेद शोध, नसेल तर ईमेलने विचार. आणि मुदतीआधी नोकरी सोडली तर त्यांनी तुला आणण्यावर केलेल्या खर्चापैकी किती पैसे परत करायचे, ती रक्कम महिन्यागणिक कमी होते का, गंभीर आजारपणामुळे सोडावं लागलं तर माफ होते का, हेही विचार. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कर्मचारी घेताना मालकाने सरकारला भरायची रक्कम) तुझ्याकडून वसूल करता येत नाही, तो परत करायच्या खर्चांत दिसला तर काढायला लाव. या सगळ्याचं उत्तर लेखी येईपर्यंत आत्ताच्या नोकरीचा राजीनामा देऊ नकोस.