अंग बाहेर येणं, लघवी सुटणं : तुमचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत : लघवी सुटणं आणि अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीची भिंत खाली उतरणं. नाव छापू नका, असं जवळजवळ प्रत्येकीने लिहिलंय. त्रास मात्र कुणाचा पाच वर्षांचा, कुणाचा दहा.

वय ४६, शिक्षिका. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. खोकला, शिंक, जोरात हसणं, काहीही झालं की थोडी लघवी होतेच. मोबाइलवर बघून पंधरा दिवस कीगल व्यायाम केला, फरक नाही. आता ऑपरेशनच करावं लागेल का?

नाही. पंधरा दिवसांत फरक दिसत नसतो, त्यामुळे तुमचं काही बिघडलेलं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांना तिचा आधार असतो. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. पुढे वजन वाढतं, पाळी जायची वेळ येते आणि ती आणखी सैल होते. मग खोकताना पोटातला दाब वाढला की मूत्रमार्गाला खालून आधार मिळत नाही आणि लघवी सुटते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, तो याच स्नायूंसाठी. हे स्नायू कमवायला साधारण तीन महिने लागतात.

पद्धत नीट बघा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, ते आवळायचं आणि आत, वर ओढायचं. जमेल तितके सेकंद धरायचं, हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत न्यायचं, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा. श्वास चालू हवा. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत. पुष्कळ बायका आवळण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने उलट नुकसान होतं. शंका असेल तर स्वच्छ बोट योनीत ठेवून बघा, बोटाभोवती पकड जाणवली पाहिजे. न जाणवल्यास या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा, त्यात संकोच नको. लघवी करताना मध्येच थांबवण्याचा रोज सराव मात्र करू नका. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. एवढ्यानेही थेंब थांबतात.

वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी फायदा होतो. बद्धकोष्ठता आणि जुना खोकला यांवर उपचार घ्या. मिश्री किंवा तंबाखू असेल तर सोडा. तीन महिने हे सगळं मनापासून करूनही जगणं अडत असेल, तर मग शस्त्रक्रिया. मूत्रमार्गाखाली कृत्रिम पट्टी बसवतात किंवा पट्टीशिवाय टाके घेऊन मूत्राशयाची मान उचलतात. कृत्रिम पट्टीने बहुतेकींना आराम पडतो, पण ती कायम शरीरात राहते. काहींना दुखतं, काहींची पट्टी घासून बाहेर दिसू लागते. ब्रिटनमध्ये २०१८ साली या पट्ट्यांचा सर्रास वापर थांबवला गेला तो अशाच तक्रारींमुळे. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना दोन्ही पर्याय विचारा, पट्टीचा आणि पट्टीशिवायचा.

सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, शुगर आणि हार्टचा त्रास आहे. दहा वर्षांपासून अंग बाहेर येतं. आता हाताने आत ढकलल्याशिवाय लघवी होत नाही, आणि त्यावर जखम झाली आहे. कॅन्सर असेल का? ऑपरेशन झेपेल का?

ताई, कपड्याला सतत घासून आणि कोरडं पडून अशी जखम होते. बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. पण नुसत्या अंदाजावर सोडू नका. डॉक्टरांनी डोळ्याने बघितलं पाहिजे, शंका वाटली तर छोटा तुकडा तपासायला घेतला पाहिजे. अंग आत बसवून औषधाची पट्टी भरणं, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं मलम लावणं आणि शुगर ताब्यात आणणं, याने जखम भरून येते.

मला जास्त काळजी लघवी अडण्याची वाटते. अंग एवढं उतरलं की मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या वाकतात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि बाईला त्याचा पत्ता लागत नाही. सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी तपासणी) याच आठवड्यात करून घ्या.

ऑपरेशन झेपेल की नाही हे हृदयाच्या तपासणीनंतर ठरेल. मात्र ऑपरेशनच हवं असं नाही. सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, योनीत बसवली की अंग वर राहतं. बसवायला भूल लागत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे बघून परत बसवायची. एक माप जमलं नाही तर दुसरं बघायचं. ही तपासणी चुकवू नका, विसरलेली रिंग आत रुतते. दवाखान्यात हा पर्याय कुणी काढला नाही तर तुम्ही स्वतः विचारा. फार थोड्या कुटुंबांना तो माहीत असतो.

ऑपरेशन ठरलंच, तर योनीमार्गे, पोट न कापता, कमरेत इंजेक्शन देऊन ते करता येतं. एक लहान ऑपरेशन असंही आहे ज्यात योनीमार्गच बंद करतात. ते नाजूक प्रकृतीला सोसतं, पण नंतर शरीरसंबंध शक्य नसतो. या वयात काय करायचंय, असं मुलाने किंवा सुनेने परस्पर ठरवू नये. प्रश्न सासूबाईंना एकटीला विचारला गेला पाहिजे.

मी २८ वर्षांची आहे, एक मूल आहे. पिशवी खाली आली आहे, अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. गावातल्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. मला अजून एक मूल हवंय.

मग पिशवी काढू देऊ नका. पांढरं जाणं हे बऱ्याचदा संसर्गाचं असतं आणि औषधाने बरं होतं. कंबरदुखीची कारणं वेगळी असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याचं २०१९ साली उजेडात आलं, तेव्हा मागे अशाच तक्रारी होत्या. मला त्याचा आजही संताप येतो.

खाली येण्यात दोष पिशवीचा नसतो, तिला धरून ठेवणाऱ्या आधारांचा असतो. आधी कितवी पायरी आहे, म्हणजे पिशवी किती खाली आली आहे, ते तपासून घ्या. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर तीन-चार महिने व्यायाम आणि गरज पडल्यास रिंग पुरते. त्यापुढे असेल तर पिशवी ठेवून तिला वर बांधता येतं, आणि यात आपल्या मुंबईच्या डॉक्टरांचं मोठं काम आहे. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांच्या पद्धतीत पिशवीच्या मानेला टेप लावून ती मागे कण्याच्या तळाशी बांधतात, तर पुरंदरे पद्धतीत पोटाच्या पुढच्या भिंतीला. यानंतर दिवस राहू शकतात. मूल पुढे ढकलायचं नसेल तर आधी बाळंतपण आणि मग ऑपरेशन, हा क्रमही विचारात घ्या.

वय ५५. लघवीची भावना झाली की थांबवतच नाही, वाटेतच होते. एसटीने जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद ठेवते.

हा पहिल्या पत्रापेक्षा वेगळा आजार आहे. इथे मूत्राशयच अवेळी आकुंचन पावतं, म्हणून पट्टीच्या ऑपरेशनचा उपयोग नाही. पाणी बंद करू नका, घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी डिवचते. दिवसभरात दीड-दोन लिटर प्या, चहा-कॉफी कमी करा. लघवीची आणि साखरेची तपासणी करा. बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येईल का ते विचारा.

तीन दिवस केव्हा गेलात ते लिहून ठेवा. तासाभराने जात असाल तर सव्वा तास थांबायचं, ते जमलं की दीड. कळ आली की धावत सुटू नका. उभ्या जागी आवळा, ओसरू द्या, मग चालत जा. याला किमान सहा आठवडे द्या. नाही जमलं तर गोळ्या आहेत. सोलिफेनासिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि उतारवयात विसराळूपणा वाढू शकतो. मिराबेग्रॉन या गोळीने हे त्रास कमी होतात, पण बीपीवर लक्ष ठेवावं लागतं.

आठ वर्षांपूर्वी पिशवी काढली. आता पुन्हा काहीतरी खाली आल्यासारखं वाटतं. असं कसं?

पिशवी गेली तरी योनीचा वरचा भाग, मूत्राशय किंवा गुदाशयाची भिंत खाली येऊ शकते. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, आणि रिंग इथेही बसते. ऑपरेशन करायचं तर योनीचा वरचा भाग आतल्या पक्क्या बंधाला किंवा मागच्या हाडाला टाके घालून बांधतात. योनीमार्गे आधारासाठी कृत्रिम जाळी बसवण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेत २०१९ साली थांबवायला लावली आहे.

बाळंतपणाला दीड महिना झाला. दोन दिवस कळा देऊन बाळ झालं. तेव्हापासून दिवसरात्र लघवी झिरपते, कपडे कायम ओले. घरचे म्हणतात, होईल आपोआप.

थांबू नका. खोकताना दोन थेंब जाणं आणि अखंड झिरपणं यात फरक आहे. लांबलेल्या कळांमध्ये बाळाच्या डोक्याचा दाब पडून मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडू शकतं. ते व्यायामाने भरत नाही. लवकर कळलं तर काही वेळा नुसती नळी ठेवून लहान छिद्र बुजतं, नाहीतर ऑपरेशनने बंद करता येतं. उद्याच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा आणि तिथे "सतत झिरपतं" याच शब्दांत सांगा.