आधी दाब मोजावा, मग पाइपाचा व्यास ठरवावा

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे दोन लिटर टर्बो इंजिनाची स्पोर्ट्स कार आहे (टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र), तिची कारखान्यातून आलेली ताकद सुमारे २४५ अश्वशक्ती आहे आणि तिचा मूळ एक्झॉस्ट पाइप ५७ मिलिमीटरचा आहे. तो काढून ६३.५ मिलिमीटरचा (अडीच इंची) बसवावा की ७६ मिलिमीटरचा (तीन इंची), असा आपला प्रश्न आहे. दोन वर्षांत मोठा टर्बो बसवण्याचा आपला विचार असल्याने ‘आत्ताच मोठा पाइप घेतला म्हणजे पुन्हा खर्च नको’ या मताकडे आपण झुकला आहात. बोनसमधून निम्म्याहून थोडा अधिक खर्च भागेल आणि उरलेल्यासाठी २४ हप्त्यांचे वैयक्तिक कर्ज काढण्याची आपली तयारी आहे. आपत्कालीन निधी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका आहे, हेही आपण मोकळेपणाने कळवले आहे.

आपण दिलेले दर मी प्रमाणात मांडतो. अडीच इंची पाइपाचे संपूर्ण काम १०० धरले, तर तीन इंचीचे काम १२० होते आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग वेगळे ६०. व्यास वाढला तरी पाइप वाकवणे, वेल्डिंग आणि बसवणे यांची मजुरी जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे दोन कामांत फरक २० चाच पडतो. आज अडीच इंची घेऊन पुढे तो बदलावा लागला आणि जुन्या पाइपाचे ३० सुटले, तर एकूण खर्च १९० होईल. आजच तीन इंची घेतला तर तो १२० वर थांबेल. म्हणजे मोठा टर्बो खरोखर बसण्याची शक्यता सुमारे २२ टक्क्यांहून जास्त असेल, तर या दोन पाइपांत तीन इंची स्वस्त पडतो. इथवर आपला तर्क बरोबर आहे.

मात्र या हिशेबात तिसरा पर्याय धरलेलाच नाही, आणि तो म्हणजे आज काहीच न करणे. मोठा टर्बो बसेल तेव्हा त्याच्यासोबतच तीन इंची पाइप बसवला, तर आजचा खर्च शून्य आणि दोन वर्षांनंतरचा १२० च राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्यूनिंग एकदाच करावे लागते. पाइप एकदा घेतला की तो वर्षानुवर्षे टिकतो, पण ट्यूनिंग तसे टिकत नाही, कारण टर्बो बदलला की इंधन, प्रज्वलन आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) यांचा नकाशा नव्याने बसवावा लागतो. आज खर्चलेले ६० त्या दिवशी जवळपास बुडीत खाती जातील. मोठा टर्बो नक्की असेल, तर आजचे ट्यूनिंग वाया जाईल, आणि तो नक्की नसेल, तर तीन इंची पाइप घेण्याचे मुख्य कारणच उरणार नाही. आपण दिलेल्या कारणाची ही अडचण मला सर्वांत मोठी वाटते. म्हणून हा खर्च करायचाच असेल, तर त्याचे समर्थन आजच्या टर्बोवर, आजच्या इंजिनात मिळणाऱ्या फायद्यातून व्हायला हवे.

तो फायदा किती, हे पाइपाकडे पाहून कळत नाही. ‘इंजिनाला थोडा उलटा दाब (बाहेर जाणाऱ्या वायूला अडथळा झाल्याने साचणारा दाब) लागतोच’ असे जे आपल्याला सांगण्यात आले, ते टर्बो इंजिनाच्या बाबतीत पटण्यासारखे नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात पाइपाच्या व्यासाचा आणि लांबीचा विचार वायूचा वेग टिकवण्यासाठी होतो, आणि त्यातूनच हा समज पसरला असावा. टर्बो इंजिनात वायूच्या वाटेतला मोठा अडथळा टर्बाइन (वायूने फिरणारे टर्बोचे चाक) स्वतःच असतो, आणि त्याच्यानंतरच्या पाइपात जितका कमी दाब राहील तितके बरे. समजा, पूर्ण जोरात असताना टर्बाइनच्या आधीचा निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब धरून मोजलेला) नंतरच्या दुप्पट आहे. अशा वेळी नंतरचा दाब १.२ बारवरून १.१ वर आला, तर आधीचा दाब २.४ वरून साधारण २.२ वर येतो. पाइपात वाचवलेला दाब इंजिनापाशी दुप्पट होऊन मिळतो, म्हणून टर्बोच्या गाड्यांत पाइप मोठा करण्याला अर्थ आहे.

व्यासाचे गणितही आपल्या अंदाजापेक्षा जास्त तीव्र आहे. ६३.५ वरून ७६ मिलिमीटरवर जाताना व्यास २० टक्क्यांनी वाढतो, पण आतले क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. तेवढाच वायू वाहत असेल, तर सरळ पाइपातले घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरते, म्हणजे अडीच इंचीच्या सुमारे ४० टक्के उरते. मात्र ‘सरळ पाइपात’ हे शब्द विसरू नयेत. सायलेन्सरचा गाभा अरुंद असेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) चोंदलेला असेल किंवा वाकणे साध्या दाबयंत्रावर घेतल्याने वळणापाशी पाइप चपटा झाला असेल, तर बाहेरून तीन इंची दिसणारी व्यवस्था आतून अडीच इंचीसारखीच वागते. म्हणून कोणताही पाइप घेतलात तरी तो आतून मँड्रेल (पाइप चपटा होऊ न देणारा आधार) घालून वाकवलेला आहे ना, हे वळणावर हात फिरवून पाहावे. व्यास सगळीकडे सारखा लागला पाहिजे.

ढोबळमानाने ३०० अश्वशक्तीपर्यंत अडीच इंची पुरतो आणि त्यापुढे तीन इंची लागतो, असे जाणकार धरून चालतात. आपली गाडी २४५ वर आहे. मित्राने सुचवलेल्या साडेतीन इंची पाइपाचा विचार मी इथेच बाजूला ठेवतो. एवढ्या ताकदीसाठी त्यातून मिळणार ते वजन, गाडीखालची कमी झालेली जागा आणि आवाज.

माझा सल्ला असा आहे की पैसे देण्याआधी दाब मोजून घ्यावा. टर्बाइननंतर आणि कन्व्हर्टरच्या आधी ऑक्सिजन सेन्सर असतो. तो काढून त्याच आट्यात धातूची नळी बसवतात, थोड्या अंतरावर तिला रबरी नळी जोडतात (थेट जोडल्यास ती वितळते) आणि दाबमापक केबिनमध्ये आणतात. पूर्ण जोरात, लाल रेषेजवळच्या फेऱ्यांवर काय आकडा येतो ते पाहायचे. हे काम बंद ट्रॅकवर किंवा डायनोवरच (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच) व्हावे. वातावरणापेक्षा ०.१ बारच्या आत जास्त दाब आला, तर मूळ पाइप आपले काम नीट करतो आहे आणि त्यावर १२० खर्च करण्यात हशील नाही. तो ०.२५ च्या वर गेला, तर अडथळा खरा आहे. मग कन्व्हर्टरच्या पुढेही मोजावे आणि दाब नेमका कुठे उतरतो ते शोधावे. तो केवळ सायलेन्सरपाशी उतरत असेल, तर सायलेन्सरच बदलावा, म्हणजे खर्च बराच खाली येईल. डाउनपाइपपाशीच (टर्बोला जोडलेल्या पहिल्या भागापाशीच) अडचण असेल, तर तेवढा भाग तीन इंची करून मागचा मूळ पाइप ठेवणे हाही समंजस पर्याय आहे, कारण वायू तिथे सर्वांत गरम आणि म्हणून सर्वांत फुगलेला असतो.

मोजमापाअंती पूर्ण पाइप बदलायचे ठरले, तर आजच्या ताकदीला अडीच इंची पुरत असला तरी फरक २० चाच असल्याने तीन इंचीच घ्यावा, पण ट्यूनिंगचे ६० त्यात धरूनच. उलटा दाब उतरला की काही टर्बोंवर वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) पुरेसा वायू वळवू शकत नाही आणि बूस्ट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे चढत जातो. ट्यूनिंगचे पैसे वाचवून पिस्टनचा खर्च ओढवून घेण्यात शहाणपण नाही. कन्व्हर्टर मात्र काढू नये. अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि तपासणीत गाडी नापास झाल्यास सगळा हिशेबच उलटतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवणे आणि वॉरंटीच्या अटी वाचणे या दोन गोष्टी काम सुरू होण्याआधी व्हाव्यात, कारण न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला गेला, तर तोटा पाइपाच्या किमतीइतका नसून गाडीच्या किमतीइतका असतो.

कर्जाबाबत माझे मत स्पष्ट आहे: ते काढू नये. पाइप आणि ट्यूनिंग मिळून १८० होतात, बोनसमधून १०० आले तर ८० कर्जाने उभे करावे लागतात. वर्षाला १४ टक्के दराने २४ महिन्यांत फेडल्यास त्यावर सुमारे १२ व्याज जाते, म्हणजे अडीच आणि तीन इंचीतल्या ज्या फरकावर आपण एवढा विचार करत आहात, त्याच्या निम्म्याहून अधिक. शिवाय या वस्तूची किंमत बसवल्या दिवसापासून घसरते आणि गाडी विकताना ती क्वचितच वसूल होते. आपला आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या खर्चाइतका होईपर्यंत बोनसचा मोठा भाग तिकडे वळवावा. दाब मोजण्याचा खर्च मात्र आजच करायला माझी हरकत नाही. पुढच्या बोनसपर्यंत मोठ्या टर्बोचा बेतही पक्का झालेला असेल किंवा मावळलेला असेल, आणि दोन्ही परिस्थितींत निर्णय सोपा होईल.

काम कधीही केले तरी मूळ पाइप, त्याचे गॅस्केट, नट-बोल्ट आणि रबरी हँगर भंगारात देऊ नयेत. बोल्टांना ग्रीस लावून, पाइपाची तोंडे बंद करून सारे कोरड्या जागी ठेवावे. गाडी विकताना पुष्कळ गिऱ्हाइकांना ती मूळ अवस्थेत हवी असते, आणि त्या दिवशी आपला नवा पाइप वेगळा विकून त्याचे थोडेफार पैसे तरी परत मिळतील.